बर्सर्कचं नवं अ‍ॅनिमे कोणाच्या हाती द्यावं? युफोटेबल, मॅडहाउस, विट आणि मापा

केंतारो मिउरा ६ मे २०२१ रोजी गेले तेव्हा त्यांची 'बर्सर्क' ही मांगा (जपानी चित्रकथा) अर्धीच राहणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण हायस्कूलपासूनचे त्यांचे मित्र आणि स्वतः मांगाकार असलेले कोउजी मोरी यांना मिउरांनी कथा शेवटापर्यंत सांगून ठेवली होती. जून २०२२ पासून मोरींच्या देखरेखीखाली आणि मिउरांच्याच स्टुडिओ गागातल्या सहाय्यकांच्या हातून मांगा पुन्हा सुरू झाली. १९८९ पासून चालत आलेल्या या कथेचा शेवट आता कोणाला तरी ठाऊक आहे. नवं अ‍ॅनिमे करायला घेतलं तर पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंतचा आराखडा आखता येईल. आधीच्या एकाही अ‍ॅनिमेला ही सोय नव्हती.

म्हणून कोणत्या स्टुडिओच्या नावाचा आग्रह धरायचा, हे चाहत्यांनी आत्ताच नीट विचार करून ठरवायला हवं. सर्वांत जास्त ऐकू येणारं नाव युफोटेबलचं आहे. मला ती निवड चुकीची वाटते, आणि त्याचं कारण आधीच्या तीन प्रयत्नांत सापडतं.

आधी काय काय झालं

पहिली मालिका १९९७ची, २५ भागांची. स्टुडिओ ओएलएम, दिग्दर्शक नाओहितो ताकाहाशी. याच ओएलएमचं 'पोकेमॉन' त्याच वर्षी सुरू झालं होतं, हे आजही पटकन खरं वाटत नाही. पैसा बेताचाच असावा असं पडद्यावर जाणवतं. लढाईच्या ऐन क्षणी चित्र थांबतं आणि एकाच रंगवलेल्या चित्रावरून कॅमेरा सावकाश सरकतो. तरीही नायक गट्स आणि त्याचा सेनानायक ग्रिफिथ यांच्यातलं नातं, त्यातली ओढ आणि त्यातलं विष, या मालिकेइतकं कुणालाच पकडता आलेलं नाही. तिचा मोठा दोष वेगळा आहे. पक (गट्सचा इवलासा परीसारखा सोबती) आणि स्कल नाइट (कवटीच्या चेहऱ्याचा गूढ योद्धा) ही पात्रं तिनं गाळून टाकली. ग्रिफिथ आपल्याच साथीदारांचा बळी देतो त्या ग्रहणाच्या प्रसंगावर मालिका संपली आणि पुढची कथा ज्यांच्या खांद्यावर उभी आहे ती माणसंच तिच्यात नसल्यानं पुढे जायची वाट बंद झाली.

२०१२-१३ मध्ये स्टुडिओ ४°सीनं तीन चित्रपट काढले. दिग्दर्शक तोशियुकी कुबोओका. सैन्यं थ्रीडीत, चेहरे बरेचसे हातानं काढलेले. पहिल्या चित्रपटात हा सांधा सतत दिसत राहतो, तिसऱ्यापर्यंत बराच बुजतो. पण वेळ कमी पडला, आणि वेळ कमी पडला की कात्री शांत प्रसंगांवरच चालते. रात्रीच्या टेकडीवरून खालच्या छावणीतल्या शेकोट्या बघत गट्स त्याच सैन्यातल्या कास्काशी बोलतो, प्रत्येक माणूस आपलं इवलंसं स्वप्न त्या आगीत आणून ठेवतो असं सांगतो, तो प्रसंग चित्रपटांत नव्हताच. २०२२ मध्ये हेच चित्रपट मालिकेच्या रूपात पुन्हा आणले तेव्हा तो नव्यानं घालावा लागला. त्या प्रसंगाशिवाय ग्रहण म्हणजे नुसती कत्तल उरते. तिथं मरणारी माणसं आपल्याला त्या शेकोटीपाशी भेटलेली असतात, म्हणूनच ते बघवत नाही.

मग २०१६-१७ ची मालिका. गेम्बा आणि मिल्पांसे हे स्टुडिओ, शिन इतागाकी दिग्दर्शक, दोन हंगामांत मिळून २४ भाग. मिउरांची बारीक रेघारेघांची छटा थ्रीडी पुतळ्यांवर चिकटवायचा तो प्रयत्न होता. हेतू प्रामाणिक होता, पण पात्र हललं की रेघा कातडीवर डकवल्यासारख्या सोबत हलायच्या, आणि कॅमेरा एका जागी थांबायला तयारच नसायचा. 'लॉस्ट चिल्ड्रन' हा मिउरांच्या सर्वांत करुण भागांपैकी एक, तो तर वगळूनच टाकला. गट्सला बर्सर्कर चिलखत मिळतं त्याच्या फार पुढे आजवर एकही अ‍ॅनिमे गेलेलं नाही.

या तिन्ही प्रयत्नांवरून नव्या स्टुडिओकडून काय हवं ते स्पष्ट होतं. मिउरांच्या शाईच्या रेघेला पडद्यावर जिवंत ठेवायची काहीतरी पद्धत हवी. चिलखतातली हजारो माणसं दाखवताना हातचं काम आणि थ्रीडी एकमेकांत मिसळायला हवं. चाळीसहून जास्त खंडांची कथा वर्षानुवर्षं निभावण्याची तयारी हवी. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे दोन माणसं नुसती बसून बोलत असताना प्रेक्षकाला खिळवून ठेवणारा दिग्दर्शक.

स्टुडिओच्या नावात किती असतं

जपानमध्ये बहुतेक अ‍ॅनिमे 'निर्मिती समिती' काढते. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी वगैरे मंडळी पैसे एकत्र घालतात आणि स्टुडिओला काम देतात. दिग्दर्शक आणि नावाजलेले अ‍ॅनिमेटर पुष्कळदा स्वतंत्रपणे काम करणारे असतात. आज इथं, उद्या तिथं. 'वन पंच मॅन'चा पहिला हंगाम २०१५ मध्ये मॅडहाउसनं केला, पण त्यातली जादू दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांनी जमवलेल्या अ‍ॅनिमेटरांची होती. २०१९ मध्ये दुसरा हंगाम जे.सी. स्टाफकडे गेला, चमू बदलला, आणि फरक कुणाला सांगावा लागला नाही. त्यामुळे पुढे मी स्टुडिओंची नावं घेत असलो तरी प्रत्येक ठिकाणी नजर माणसांवर आणि कामाच्या पद्धतीवर आहे.

युफोटेबल

२००० साली सुरू झालेल्या या स्टुडिओची खरी ताकद म्हणजे चित्रं, थ्रीडी आणि शेवटची जुळवणी एकाच छताखाली होते. 'फेट/झीरो'मध्ये ती दिसली आणि 'डीमन स्लेयर'नं ती जगभर पोहोचवली. त्यातल्या २०२०च्या 'मुगेन ट्रेन' चित्रपटानं जपानात कमाईचा विक्रम केला, एकट्या जपानमध्ये ४० अब्ज येनांहून जास्त कमाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये 'इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला तेव्हा ही ताकद मराठी प्रेक्षकांनीही मोठ्या पडद्यावर अनुभवली. तिथून निघालेल्या माणसाला बर्सर्क याच हातांनी व्हावं असं वाटणं साहजिक आहे.

पण युफोटेबलचं सौंदर्य प्रकाशात आहे. तलवारीतून उसळणारं पाणी, आगीची झळाळी, चमकत्या कणांचा पाऊस. मिउरांचं सौंदर्य अंधारात आहे. गट्सची ड्रॅगनस्लेयर ही तलवार म्हणजे लोखंडाची अवजड लाद, तिच्यातून काहीही चमकत नाही, चमकायलाही नको. युफोटेबलला काळोख जमत नाही असं मी म्हणणार नाही, 'गार्डन ऑफ सिनर्स'चे चित्रपट पाहिलेला कुणीच तसं म्हणणार नाही. पण आज त्यांच्या हाताला जी सवय लागली आहे ती वेगळी आहे. शिवाय 'इन्फिनिटी कॅसल' ही चित्रपटत्रयी आहे. ती संपेपर्यंत बर्सर्कसारखं दशकभराचं काम त्यांच्याकडून मागणं दोघांवरही अन्याय करणारं ठरेल.

मॅडहाउस

जुन्या चाहत्यांचा जीव इथं अडकलेला असतो, आणि त्याला आधार आहे. १९७२ साली मासाओ मारुयामा, ओसामू देझाकी, रिनतारो आणि योशिआकी कावाजिरी यांनी हा स्टुडिओ उभा केला. कावाजिरींचा २००० सालचा 'व्हॅम्पायर हंटर डी: ब्लडलस्ट' बघताना बर्सर्क इथंच व्हायला हवं होतं असं मला दर वेळी वाटतं. तसाच काळोख, तशीच दाट रेघ, तशीच सडत चाललेली भव्यता. 'मॉन्स्टर'चे ७४ भाग त्यांनी मूळ मांगाला जपत, जराही घाई न करता केले.

तो मॅडहाउस आता मात्र नाही. मारुयामा २०११ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी मापा काढला. आजचा मॅडहाउस ज्याच्यासाठी ओळखला जातो ते 'फ्रीरन' (२०२३) दिग्दर्शक केइइचिरो साइतो यांचं काम आहे. ते मात्र माझ्या मुख्य अपेक्षेत पूर्ण बसतं. शांतता आहे, युरोपी वळणाची कल्पनासृष्टी आहे, आणि गरज पडेल तेव्हा लढाई डोळे दिपवते. फ्रीरनची उदासी हळुवार असते आणि बर्सर्कची ओरबाडणारी, तरी शांत प्रसंगाला पुरेसा वेळ देण्याचं शहाणपण दोन्हीकडे एकच लागतं. एक धोका सांगायला हवा. २००७ मध्ये याच स्टुडिओनं 'क्लेमोर' केलं, अवजड तलवारी घेऊन राक्षस मारणाऱ्या स्त्रियांची गोष्ट. मांगा अपुरी असताना २६ भागांत तिला स्वतःचा शेवट लावून मोकळे झाले. बर्सर्कला असला शेवट सोसणार नाही.

सायन्स सारू

मासाआकी युआसा आणि युनयंग चोई यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या या स्टुडिओनं २०१८ मध्ये 'डेव्हिलमॅन क्रायबेबी' केलं. हिंसेची झळ प्रेक्षकाला कशी पोहोचवायची ते त्यांना कळतं. पण त्यांची रेघ सैल, सपाट, वितळणारी आहे. मिउरांच्या रेघेशी तिचं जमणार नाही. एखाद्या राक्षसी स्वप्नदृश्यापुरतं त्यांना बोलवावं, संपूर्ण मालिकेसाठी नाही.

विट आणि मापा

या दोघांना वेगळं करून मोजणं कठीण, कारण 'विनलँड सागा' दोघांनी केलं. पहिला हंगाम २०१९ मध्ये विटनं, दुसरा २०२३ मध्ये मापानं, प्रत्येकी २४ भाग, आणि दोन्हीकडे दिग्दर्शक एकच: शूहेइ याबुता. पहिल्या हंगामात युद्ध, लूट, सूड. दुसऱ्यात जवळजवळ सगळा वेळ एका शेतावर, दोन गुलाम जंगल तोडतात, जमीन नांगरतात आणि बोलतात. दुसरा हंगाम पहिल्याहून सरस झाला असं माझं ठाम मत आहे. एकाच माणसाला रणांगण आणि शेत दोन्ही पेलतात, हे ४८ भागांत सिद्ध झालेलं आहे. त्यात याबुता मुळात थ्रीडीकडून आलेले. 'अटॅक ऑन टायटन'च्या सुरुवातीच्या काळात ते विटमध्ये थ्रीडी विभागाचे दिग्दर्शक होते. २०१६च्या मालिकेत जिथं सगळं कोसळलं, नेमकी तीच जागा त्यांना आतून ठाऊक आहे.

मग विट की मापा?

मापाच्या बाजूनं पुष्कळ आहे. २०१९चं 'दोरोरो' त्यांनी तेझुका प्रॉडक्शन्सबरोबर केलं. त्यातला नायक नसलेल्या हातांच्या जागी पाती घेऊन राक्षस मारत फिरतो, आणि गट्सच्या लोखंडी हाताची आठवण आल्याशिवाय राहत नाही. 'अटॅक ऑन टायटन'चा अखेरचा टप्पा दुसऱ्यांनी सोडला तेव्हा मापानं घेतला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तडीस नेला. 'चेनसॉ मॅन'साठी त्यांनी समितीऐवजी स्वतःचे पैसे घातले, हे धाडस बर्सर्कसारख्या रक्ताळलेल्या गोष्टीला फार उपयोगी पडेल, कारण हे दाखवू नका म्हणणारे कमी होतात. पण २०२३ मध्ये 'जुजुत्सु काइसेन'चा दुसरा हंगाम चालू असताना अ‍ॅनिमेटरांनी वेळापत्रकाबद्दल उघडपणे समाजमाध्यमांवर तक्रारी केल्या. एका वेळी बरीच मोठी कामं घ्यायची ही मापाची रीत आहे. बर्सर्कची रेघ घाईत काढता येत नाही, आणि ती काढणाऱ्या माणसांची झोप उडवून तर मुळीच नको.

विटचं पारडं माझ्या लेखी एका गोष्टीनं जड होतं. २०१६च्या 'कबानेरी'मध्ये त्यांनी महत्त्वाच्या चेहऱ्यांच्या चित्रांवर हातानं वेगळं रंगकाम करणारा स्वतंत्र गट बसवला होता. या कामाला त्यांनी 'मेकअप' असंच नाव दिलं. चित्र हलतं ठेवून त्यावर जुन्या रंगीत चित्रांचा पोत आणायची ती पद्धत होती. गेम्बानं रेघ थ्रीडी पुतळ्यावर लावली, विट ती हातानं काढलेल्या चित्रावर लावेल, तीसुद्धा मोजक्या निवडक चित्रांवर. गट्सच्या डोळ्याखालची सावली, ग्रहणाचं आकाश, ग्रिफिथचं शेवटचं हसू. मिउरांच्या रेघेला न्याय देणारा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. विटची अडचण मनुष्यबळाची आहे. नेटफ्लिक्ससाठी 'वन पीस' नव्यानं करायचं काम त्यांनी २०२३च्या अखेरीस जाहीर केलं आहे, आणि ते लहान काम नाही.

माझा क्रम

पहिली पसंती विट, दिग्दर्शक याबुता, आणि मेकअपची ती पद्धत पुन्हा. विटला वेळ नसेल तर याबुतांनाच घेऊन मापा, पण हंगामांमध्ये दोन-दोन वर्षांचं अंतर आधीच कबूल करून. ते दोन्ही नाही जमलं तर साइतोंसह मॅडहाउस. युफोटेबल या यादीत चौथं.

सुरुवात कुठून करावी यावरही माझं मत पक्कं आहे. ग्रिफिथच्या सुवर्णकाळापासून, म्हणजे गट्स त्याच्या सैन्यात होता त्या भागापासून नाही. मांगात आधी काळा योद्धा बनलेला गट्स भेटतो, पकला झिडकारणारा, निर्दय, जवळजवळ तिरस्कार वाटावा असा, आणि मग तो तसा का झाला ते कळतं. तो क्रम तसाच हवा. पहिले चार-पाच भाग त्यावर, मग सुवर्णकाळ दोन पूर्ण हंगामांत, शेकोटीच्या प्रसंगासकट. 'लॉस्ट चिल्ड्रन' स्वतंत्र चित्रपट म्हणून. कास्कावर होणाऱ्या अत्याचाराच्या प्रसंगात कॅमेरा कुठे ठेवायचा हे दिग्दर्शकानं पहिल्याच बैठकीत ठरवावं. तिसऱ्या चित्रपटात तो तिथं नको इतका रेंगाळला होता. आणि संगीताला सुसुमू हिरासावा. तिन्ही वेळा त्यांना बोलावलं गेलं आणि तिन्ही वेळा ते बरोबर होतं.

उद्या खरोखर घोषणा झाली तर स्टुडिओचं बोधचिन्ह बघून लगेच मत बनवू नका. दिग्दर्शक कोण, थ्रीडी विभाग कोणाकडे, आणि त्या वर्षी त्याच स्टुडिओकडे दुसरी किती कामं आहेत, ही तीन उत्तरं शोधा. सोबत जाहीर केलेली भागांची संख्याही बघा. सुवर्णकाळाला १२ भाग दिले असतील, तर शेकोटीचा प्रसंग पुन्हा कापला जाणार आहे.