उत्तरेकडच्या मऊ पाण्याला सामू पेन आणि थेंबांचं अल्कता किट: एक पास, एक नापास

स्वीडन, नॉर्वे किंवा कॅनडातल्या ग्रॅनाइटच्या तळ्यांचं पाणी जवळजवळ पावसाच्याच जातीचं. आम्ल पचवायला त्यात बायकार्बोनेट फारसं नसतं; ही आम्ल पचवण्याची ताकद म्हणजेच अल्कता. बाजारातली सामू (pH) मोजणारा पेन आणि थेंब मोजून अल्कता सांगणारं किट ही जोडी बनलेली असते मत्स्यटाकी आणि पोहण्याच्या तलावासाठी, आणि घोळ तिथेच होतो.

आधी किट. बऱ्याच किटांत एक थेंब म्हणजे लिटरमागे 10 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच 200 मायक्रोइक्विव्हॅलंट (आम्ल पचवण्याच्या ताकदीचं बारीक माप). आम्लाला नाजूक तळ्याची सगळी अल्कता 50 च्या आत! पहिल्याच थेंबाला रंग पालटतो आणि हाती काहीच लागत नाही. बारीक थेंबाचं किट आणलं तरी रंग सामू 4.5 च्या आसपास बदलतो. तिथवर पाण्यात लिटरमागे 32 मायक्रोइक्विव्हॅलंट मोकळं आम्ल साचलेलं असतं, तेही अल्कतेत मोजलं जातं. खरी 20 असेल तर दिसते 52. त्यातून दलदलीचं तपकिरी पाणी असेल, तर रंग ओळखणं हा अंदाजपंचेच कारभार.

खरा आकडा हवा असेल तर ग्रान पद्धत. 100 मिलिलिटर नमुन्यात 0.02 नॉर्मल (लिटरमागे 0.02 इक्विव्हॅलंट) सल्फ्युरिक आम्ल 0.1 मिलिलिटरच्या टप्प्यांनी घालायचं आणि दर टप्प्याला सामू वाचायचा. 4.5 ला न थांबता 3.7 पर्यंत जायचं, मग एकूण आकारमान गुणिले हायड्रोजन आयन (सामूवरून काढलेले) हे घातलेल्या आम्लासमोर मांडून त्यांची सरळ रेघ शून्यापर्यंत मागे ओढायची; ती जिथे शून्याला टेकते, तेवढं आम्ल म्हणजे खरी अल्कता.

यासाठी पेन चालतो, पण त्याचा इलेक्ट्रोड (पाण्यात बुडणारं टोक) आतलं द्रावण पुन्हा भरता येणारा आणि ते मोकळेपणी पाझरू देणारा हवा. जेलवाला अशा पाण्यात रेंगाळत सरकत राहतो. पेन जुळवायला बफर (ठरलेल्या सामूची द्रावणं) 4.01 आणि 7.00 चे; नंतर खळखळून धुवा, कारण बफरचा एक थेंबही या पाण्याचा आकडा हलवतो. ढवळा, थांबवा, मग पाच-दहा मिनिटांनी वाचा. ढवळत असताना वाचलेला आकडा धरू नये. बफरवर पास झालेला पेन इथे नापास होऊ शकतो, म्हणून खरी परीक्षा वेगळी: तेच 0.02 नॉर्मल आम्ल 2.5 मिलिलिटर, ऊर्ध्वपातित पाण्यात लिटरभर. सामू 4.30 यायला हवा. 0.1 पेक्षा जास्त फरक आला, तर इलेक्ट्रोड बदला.

एवढी काटेकोरी कशाला? ऑन्टारिओतल्या 223 क्रमांकाच्या तळ्यात 1976 पासून मुद्दाम आम्ल घातलं गेलं, तेव्हा सामू 6 च्या जरा खाली जाताच लहान मासे आणि कोळंबीसारखे जीव ढासळले. 0.3 ने चुकणारा पेन हाच उंबरठा झाकतो.

चुनखडीवरच्या तळ्यात अल्कता लिटरमागे 100 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या पुढे असते. तिथे तेच थेंबांचं किट बिनधास्त वापरा.