खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या क्लॅमसाठी (म्हणजे मोठा शिंपला) मेटल हॅलाइड दिवा की एलईडी?
घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये माझं दोन्ही वापरून झालंय. 250 वॉटचा हॅलाइड म्हणजे टाकीत ऊनच उतरतं राव, रेतीवर ती उजेडाची जाळी हलताना बघत बसावं, पण मे महिन्यात पाणी असं तापायचं की पाणी गार करणारा चिलर बंदच होईना आणि बिल बघून बायको बोलेनाशी झाली. एलईडी गार, फक्त पहिल्याच दिवशी फुल्ल ठेवू नका, क्लॅम पांढरा पडतो, हळूहळू वाढवा. मी एलईडीवालाच. खाद्य म्हणून फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) दुय्यम हो, क्लॅमचं पोट मुख्यतः अंगातल्या शेवाळावर, म्हणजे उजेडावरच भरतं, फायटोप्लँक्टनची बाटली जास्त ओतली की पाण्यात नायट्रेट (घाणीतून साठणारा क्षार) चढलंच. (मॅक्सिमा, स्क्वॅमोसा या क्लॅमच्या जाती आपल्याकडे कायद्याने संरक्षित, कागद बघूनच घ्या.) तब्येत बघायचीय? टाकीच्या वरून हात फिरवा, सावली पडताच पटकन मिटला तर ठणठणीत आहे.