विकत आणलेल्या दहा राण्या, नांदल्या आठ

राणीमाश्या बाहेरून मागवाव्यात का, असं गेल्या महिनाभरात सहा-सात जणांनी फोन करून विचारलं. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. विकणाऱ्याचं नाव टाकत नाही. ज्या राण्या गेल्या त्यात त्यांची चूक किती आणि माझी किती, हा हिशेब अजून माझा मलाच लागलेला नाही. उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या.

मी मूळचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला टर्नर. अठ्ठावीस वर्षं लेथवर गेली. आता हळदी गावाजवळ घरच्या रानाच्या बांधावर मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. दोनपासून सुरुवात केली होती, यंदाच्या पावसाळ्यातून चौदा धडधाकट बाहेर पडल्या. त्यांच्या चोवीस करायचा बेत होता. आमच्याकडं चहूबाजूंनी ऊस. उसाला तुरा येतो, पण त्यात माशीच्या हाती मध लागत नाही. वर गुऱ्हाळं पेटली की माश्या रसाच्या वासावर धावत सुटतात आणि काहिलीत पडून मरतात. एका हंगामात शेजारच्या गुऱ्हाळावर मळीबरोबर झाऱ्यानं काढून टाकलेल्या माश्यांचा ढीग बघितला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून गुऱ्हाळं सुरू व्हायच्या सुमाराला पेट्या टेम्पोत घालून भुदरगडाकडं हलवतो. हलवायच्या आत प्रत्येक पेटीत अंडी घालणारी राणी पाहिजे, म्हणून ही खरेदी.

पेटी फोडली, म्हणजे एकीचे दोन भाग केले, आणि बिनराणीचा भाग तसाच सोडला, तर माश्या आपली राणी आपण तयार करतातच. फुकटात. पण दिवस मोजा. अंडं घातल्यापासून राणी बाहेर पडायला १६ दिवस. कोवळी अळी आयती मिळाली तर त्यातले तीन-चार वाचतात. मग आठवडाभरात ती उडायला जाणार, हवेत दहा-पंधरा नरांशी मिलन करून येणार, आणखी दोन-चार दिवसांनी अंडी. त्या अंड्यांतून पहिली कामकरी माशी निघायला पुढं २१ दिवस. म्हणजे दीड महिना गेलाच. तोवर पेटीतल्या जुन्या माश्या म्हाताऱ्या होऊन संपत येतात. त्यात आमच्या विजेच्या तारांवर वेडे राघू ओळीनं बसलेले असतात. नवी राणी एकदा त्यांच्या चोचीत गेली की सगळं मुसळ केरात. विकतची राणी मिलन झालेली असते, नांदली तर आठवड्यात अंडी दिसतात. एक राणी ८०० रुपयांना, दहांचे ८,०००, पार्सलचे वेगळे ३००.

पार्सल पुण्याकडून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आलं. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. पहाटे सव्वापाचला तावडे हॉटेलजवळ उभा होतो. क्लीनरनं खोकं हातात दिलं आणि म्हणाला, "काका, ह्यात काय हाय? रातभर गुणगुणायलंय."

"राण्या हैत."

तो माझ्याकडं बघतच राहिला.

पॅकिंगला मी पैकीच्या पैकी मार्क देईन. बुटाच्या खोक्याएवढा पुठ्ठ्याचा डबा, दोन बाजूंना जाळी, वर मार्करनं ‘आत जीव आहे, उन्हात ठेवू नये’. आत दहा प्लास्टिकचे पिंजरे रबरानं बांधून एका ओळीत, काडेपेटीपेक्षा थोडे लांबट. प्रत्येकात एक राणी आणि तिच्या दिमतीला सहा-सात कामकरी माश्या. मुलीनं आधीच बजावलं होतं की खोकं फोडताना व्हिडिओ काढायचाच, तो उपयोगी पडला. एक राणी मेलेली निघाली. व्हिडिओ पाठवला, त्यांनी एका शब्दानं वाद न घालता दिवाळीनंतर बदली राणी पाठवली.

आता ठिपक्याचं. राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका असतो, त्याला जगभर एकच नियम आहे. सालाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५ आणि ० निळा. म्हणजे २०२५ ची राणी निळी. माझ्या नऊ निळ्या होत्या आणि एक हिरवी. हिरवी म्हणजे गेल्या सालची. फोन केला तर उत्तर मिळालं, "दादा, निळा रंग संपला होता." असेलही. मीही उद्यमनगरात रंग संपल्याची कारणं गिऱ्हाइकांना भरपूर दिलेली आहेत, त्यामुळं पुढं बोललो नाही.

सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की पिंजरा पेटीत ठेवायच्या आधी दिमतीच्या माश्या बाहेर काढा, पेटीतल्या माश्या त्यांच्यावर चिडतात. बरोबर आहे. पण हे मोकळ्या रानात करायला गेलात तर राणी भुर्रकन उडाली की ८०० रुपये आभाळात. मी बाथरूममध्ये शिरलो, दार-खिडकी बंद केली, दिवा घालवला. उजेड फक्त खिडकीच्या काचेतून, म्हणजे सुटलेली माशी तिकडंच जाते. नऊ पिंजरे एक-एक करून उघडले. चौथी राणी निसटली, काचेकडं न जाता गिझरवर जाऊन बसली. स्टुलावर चढून, श्वास रोखून, पिंजरा तिच्यापुढं धरला आणि बोटानं मागून हळूच सरकवली. बाहेरून मंडळी दार वाजवतायत, "अहो, तासभर झाला, आत काय करताय?" काय सांगणार!

माझी खरी तक्रार कँडीची. पिंजऱ्याच्या एका टोकाला भोक असतं, त्यात पिठीसाखर मधात मळून गच्च भरतात. आतून राणी, बाहेरून पेटीतल्या माश्या ती खात खात वाट मोकळी करतात. तेवढ्या तीन-चार दिवसांत राणीचा वास पेटीत मुरतो. कुलूपही तेच, घड्याळही तेच. सगळा खेळ त्या कँडीच्या मऊपणावर आहे. घरी व्हर्नियर लावून बघितलं, भोक नऊ मिलिमीटरचं आणि नळी पंचवीसची, माप झकास. पण नऊपैकी दोन पिंजऱ्यांत ती वाळून दगड झालेली, टाचणी शिरत नव्हती. एकात उलटं, मध जास्त झाल्यानं ती पाझरून राणीचे पाय चिकट झाले होते. कणकेसारखी घट्ट, बोटाला न चिकटणारी, अशी पाहिजे. हे लेथवरचं काम असतं तर तिन्ही नग मी रिजेक्ट केले असते.

पेट्या आदल्या संध्याकाळी फोडून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर पिंजरे पिल्लांच्या दोन फ्रेमच्या मधे अडकवले, कँडीचं टोक किंचित वर. अडकवायच्या आधी मी एक चाचणी घेतो. पिंजरा फ्रेमवर आडवा ठेवायचा आणि दोन मिनिटं नुसतं बघायचं. माश्या त्यावर सैल फिरतायत, जाळीतून सोंड आत घालून राणीला भरवतायत, बोटानं बाजूला केल्या तर सहज सरकतायत, म्हणजे सून पसंत आहे. जाळी दातात धरून, पोट वाकवून, मूठ आवळल्यासारख्या चिकटल्या आणि बोटानं हलेनात, म्हणजे आत जुनी राणी आहे किंवा राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, बांधायला घेतली आहेत. तेव्हा पिंजरा काढायचा आणि शोध घ्यायचा.

सात नंबरच्या पेटीवर हीच चाचणी मी घेतली नाही. अंधार पडत आला होता, गाडीचा दिवा नव्हता, घाई केली. चौथ्या दिवशी पेटीच्या दारासमोर फळीवर निळ्या ठिपक्याची राणी पडलेली, पंख चावून फाटलेले. आत बघतो तर पाचव्या फ्रेमवर जुनी राणी निवांत अंडी घालत फिरतीय. पेटी फोडताना ती दुसऱ्या भागात गेली असं मी धरून चाललो होतो. आठशे रुपये माझ्या डोळ्यांच्या नंबरापायी गेले, त्याला विकणारा काय करील? दुसऱ्या भागात माश्यांनी एव्हाना राणीघरं उभी केली होती. ती मोडत राहिलो आणि दिवाळीनंतरची बदली राणी तिथं दिली. ती नांदली. पार्सलमध्ये मेलेली निघालेल्या राणीच्या वाट्याचा भाग मूळ पेटीवर परत चढवला, मधे ‘पुढारी’चं एक पान घालून. माश्या कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो, भांडण होत नाही. त्यामुळं चोवीसच्या तेवीस झाल्या.

दगडी कँडीच्या दोनपैकी एक राणी उशिरा का होईना, सुटली. दुसरी सहाव्या दिवशीही आतच. मी पिंजऱ्याचं दार उघडून तिला फ्रेमवर सोडली. दहा सेकंद झाली नसतील, चार माश्या आल्या, मग वीस, आणि बघता बघता लिंबाएवढा गोळा. आतून चिरका आवाज. राणीला अशी गोळा करून उष्णतेनं नि गुदमरून मारतात. मी अख्खा गोळा उचलून पाण्याच्या तांब्यात टाकला. माश्या सुटल्या, राणी हाती लागली, पण मागचा एक पाय ओढत होती. ताजी मऊ कँडी घरी मळून पुन्हा पिंजऱ्यात घातली, तीन दिवसांनी स्वीकारली. पण माश्यांच्या मनातून ती उतरली ती उतरलीच. महिन्यात त्यांनी फ्रेमच्या मधोमध राणीघर बांधून तिची बदली केली.

फोनवर हमखास येणारा एक प्रश्न: आमच्याकडं सातेरी (आपली देशी मधमाशी) आहे, ही राणी चालंल का? नाही चालणार. सातेरी आणि मेलिफेरा या वेगळ्या जाती, एकीची राणी दुसरीच्या घरात नांदत नाही. सातेरी करायची असेल तर पाटगावला चक्कर मारा. आपल्याच जिल्ह्यातलं मधाचं गाव आहे, तिथली माणसं सांगतील. नाहीतर महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, प्रशिक्षण देतात.

आणि ज्या पेटीत महिन्याहून जास्त राणी नाही, पोळ्याच्या एकेका घरात तीन-तीन अंडी कडेला चिकटलेली दिसतात, तिच्यात विकतची राणी घालू नका. तिथं कामकरी माश्याच अंडी घालायला लागलेल्या असतात, नवी आली की मारतात.

पाचपैकी साडेतीन तारे. पॅकिंग, बोलणं, बदली देणं याचे पूर्ण. अर्धा हिरव्या ठिपक्याचा कापला, एक कँडीचा. फेब्रुवारीत आणखी सहा मागवणार आहे आणि सांगून ठेवलंय, कँडी ताजी भरा.

हिरवी तीन नंबरच्या पेटीत आहे. परवा पाटगावच्या रस्त्याला पेट्या बघायला गेलो, तेव्हा तिच्या सहा फ्रेम पिल्लांनी काठोकाठ भरलेल्या, मधे एक घर रिकामं नाही. निळ्यांतली एकही अजून पाचाच्या पुढं गेलेली नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बघा, मी म्हटलं नव्हतं, रंगच संपला होता."