माहिती आधी की प्रश्न आधी? वेगळ्या संस्कृतीतल्या सल्लार्थीसोबत काम करण्याच्या पद्धतींची तुलना

समजा, समुपदेशनासाठी समोर बसलेली सल्लार्थी म्हणते, "आई जाऊन आठ महिने झाले. अजून रोज रात्री येते. बोलते माझ्याशी." वहीत काय लिहायचं? भास? शोक? की जे तिच्या घरात नेहमीचंच आहे आणि फक्त आपल्यालाच दचकवतं, असं काही?

अशा वेळी कोणत्या पद्धतीच्या आधारानं पुढे जायचं, यावर समुपदेशनात गेली काही दशकं वाद चालू आहे. नवं प्रशिक्षण घ्यायला निघालेल्याला बहुतेकदा "सगळंच थोडं थोडं शिका" असा सल्ला मिळतो. तो चूक नाही, पण वेळ आणि फी एकाच ठिकाणी घालायची असेल तेव्हा निरुपयोगी आहे. म्हणून हीच मुलगी प्रत्येक पद्धतीसमोर बसवून बघू.

सर्वात रुळलेली वाट सांस्कृतिक सक्षमतेची. डेराल्ड विंग स्यू, पॅट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी १९९२ मध्ये समुपदेशकासाठी ३१ क्षमतांची यादी मांडली. स्वतःचे पूर्वग्रह ओळखणं, सल्लार्थीचं जग समजून घेणं आणि त्याला साजेशी तंत्रं वापरणं, हा तिचा गाभा. या वाटेनं शिकलेल्या समुपदेशकाला ठाऊक असतं की गेलेल्या माणसाचं दिसणं-बोलणं अनेक समाजांत शोकाचाच भाग मानतात. तो घाईनं मनोविकाराचं लेबल लावणार नाही. हा फायदा लहान नाही; चुकीचं निदान माणसाला वर्षानुवर्षं चिकटतं.

अडचण पुढे सुरू होते. ३१ क्षमतांपैकी प्रशिक्षणात सर्वात सोपी शिकवायला आणि परीक्षेत विचारायला म्हणजे माहिती. मग तिची गाइड बनते: अमुक समाजाचे लोक नजर भिडवत नाहीत, तमुक लोक घरच्यांना विचारल्याशिवाय निर्णय घेत नाहीत. आपली सल्लार्थी कदाचित त्या रात्रीच्या भेटींनी घाबरून गेलेली असेल, आणि "तुमच्याकडे हे स्वाभाविकच असतं ना" असं समजूतदारपणे म्हणून आपण तिचं तोंडच बंद करू. स्टॅन्ली स्यू यांनी १९९८ मध्ये म्हटलं होतं की समूहाबद्दलची माहिती कधी लावायची आणि कधी बाजूला ठेवायची, हे कळणं हेच खरं कौशल्य. ते गाइडमध्ये सापडत नाही.

त्याच वर्षी मेलनी टर्व्हालॉन आणि जॅन मरी-गार्सिया यांनी वैद्यकीय शिक्षणाच्या संदर्भात सांस्कृतिक नम्रतेची कल्पना मांडली. संस्कृतीवर प्रभुत्व मिळवून मोकळं होता येत नाही. स्वतःला तपासत राहणं आयुष्यभर चालतं आणि खुर्चीमुळे आपल्या हाती आलेल्या सत्तेचं भान ठेवावं लागतं, असा तिचा आशय. पुढच्या संशोधनात असं दिसलं की ज्या समुपदेशकाला सल्लार्थी नम्र मानतात, त्याच्याशी त्यांचं नातं अधिक घट्ट जुळतं. मला ही भूमिका मनापासून पटते. पण तिच्या नावाखाली आळसही खपतो. "मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही, तुम्हीच सांगा" असं म्हणणारा समुपदेशक सल्लार्थीच्याच वेळेत आणि पैशात तिच्याकडून शिकवणी घेत असतो. शिवाय नम्रता ही वृत्ती आहे. पहिल्या सत्रात पाचव्या मिनिटाला नेमकं काय विचारायचं, हे ती सांगत नाही.

ते सांगते तिसरी वाट, आणि माझा कल तिच्याकडे आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांचा आग्रह साधा होता: आजाराबद्दल रुग्णाचं स्वतःचं स्पष्टीकरण काय आहे, ते आधी विचारा. त्याच धाटणीची, १६ प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत २०१३ मध्ये डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेत आली. तुम्ही याला काय नाव देता? घरच्यांना याचं कारण काय वाटतं? याआधी कुणाकडे मदत मागितली? तुमच्या पार्श्वभूमीतलं काही याला आणखी जड करतं का? आपल्या मुलीला हे विचारलं, तर कदाचित कळेल की आईचं येणं तिला त्रासाचं वाटतच नाही. आई आली की भावंडांशी झालेल्या भांडणाचा विषय निघतो, तो नकोसा होतो. ही माहिती कुठल्याही पुस्तकात नव्हती. मर्यादा एकच: प्रश्न यंत्रासारखे एकामागून एक वाचले की सत्राची चौकशी होते.

चौथी वाट प्रमाणित उपचारच सल्लार्थीच्या संस्कृतीशी जुळवून घेण्याची. झिंबाब्वेतल्या 'फ्रेंडशिप बेंच' उपक्रमात आरोग्य केंद्राच्या आवारातल्या बाकावर बसून त्याच वस्तीतल्या प्रशिक्षित आज्या समस्या सोडवण्याची थेरपी देतात आणि नैराश्याऐवजी 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, हा शोना भाषेतला शब्द वापरतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणं लक्षणीयरीत्या कमी झाली. २००६ च्या ७६ अभ्यासांच्या आढाव्यात अशा जुळवून घेतलेल्या उपचारांचा मध्यम, पण स्पष्ट फायदा दिसला, आणि सल्लार्थीच्या मातृभाषेतल्या उपचारांचा परिणाम इंग्रजीतल्यापेक्षा सुमारे दुप्पट होता. २०११ चा दुसरा आढावा मला जास्त बोलका वाटतो: बदलांपैकी फरक पाडत होतं ते दुखण्याचं स्पष्टीकरण सल्लार्थीच्या समजुतीशी जुळवून घेणं. म्हणजे इथेही गाडी तिसऱ्या वाटेवरच्या प्रश्नाकडे वळते. मात्र असा उपचार घडवायला त्या समाजातली माणसं, वेळ आणि चाचण्या लागतात. एकट्या समुपदेशकाचं हे काम नाही.

"त्यांच्याच समाजाचा समुपदेशक द्या" हा उपाय अनेकांना सर्वात सरळ वाटतो, त्याबद्दल थोडक्यात. सल्लार्थींची तशी पसंती असते, हे २०११ च्या एका आढाव्यात ठळक दिसलं. उपचारांच्या निष्पत्तीत मात्र फरक जवळपास शून्य. भाषा जुळणं वेगळी गोष्ट, ती नक्की पाहा. आणि भाषा जुळतच नसेल तर दुभाषा बाहेरचा घ्या. घरातल्या मुलाला दुभाषा करू नका, आईच्या मनातलं त्याला ऐकवायचं काही कारण नाही.

आता निवड. तुमच्याकडे बहुतांश एकाच समाजाचे लोक येत असतील आणि पाठीशी संस्था असेल, तर चौथी वाट घ्या. मेहनत वसूल होईल. दर तासाला वेगळ्या देशाचं, धर्माचं, वयाचं माणूस समोर येत असेल, तर आधी मुलाखतीचं प्रशिक्षण घ्या आणि वाचन त्याच्या मागोमाग ठेवा. सुपरव्हायझर, म्हणजे तुमच्या कामावर देखरेख करणारा अनुभवी समुपदेशक, निवडताना मात्र नम्रतेवर तडजोड नको: तुमच्या चुकीच्या गृहीतकावर बोट ठेवणारा आणि स्वतःचं गृहीतकही उघड करणारा शोधा.

त्या १६ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न आहे, आपल्या दोघांच्या पार्श्वभूमी वेगळ्या असल्याने गैरसमज होईल अशी काळजी वाटते का, असा. पहिल्या भेटीत बहुतेक जण "नाही नाही, तसं काही नाही" म्हणतात. ते सौजन्य असतं. तिसऱ्या-चौथ्या सत्रात तोच प्रश्न पुन्हा विचारा.