क्रॅकेनएसडीआर आणि स्टारलिंक: छतावरून ड्रोन दिसेल का?

दुसऱ्याच्या प्रक्षेपणाच्या, इथे स्टारलिंक उपग्रहांच्या, लहरींतला बदल पाहून वस्तू ओळखणे म्हणजे पॅसिव्ह रडार. क्रॅकेनएसडीआर हा त्यासाठी वापरता येणारा, संगणकाला जोडायचा सॉफ्टवेअर-रेडिओ (एसडीआर): पाच रिसीव्हर, घड्याळ एकच. क्रॅकेनएसडीआरचे पैसे त्यासाठीच मोजायचे. 24 ते 1766 मेगाहर्ट्‌झमध्ये पाचही चॅनेलची फेज (लहरींची कला) आतल्या नॉइज सोर्सवर (सगळ्यांना एकच गोंगाट देणारा भाग) आपोआप जुळते, अँटेना काढावी लागत नाही. एफएम किंवा डिजिटल टीव्हीच्या प्रक्षेपणावर विमाने पकडायला हे उत्तम यंत्र आहे: एक अँटेना मनोऱ्याकडे, दुसरी आकाशाकडे.

स्टारलिंकचा सिग्नल मात्र 10.7 ते 12.7 गिगाहर्ट्‌झमध्ये उतरतो, म्हणून पुढे एलएनबी (छत्रीच्या टोकाचा, वारंवारता खाली आणणारा डबा) लागतो. डीटीएचचा युनिव्हर्सल एलएनबी चालतो. खालच्या पट्ट्यात त्याचा ऑसिलेटर 9.75 गिगाहर्ट्‌झचा, तो वजा होऊन 11.325 वरचे बीकन (उपग्रहाचे बारीक, सलग सूर) 1575 मेगाहर्ट्‌झवर येतात. छत्री लावू नका. डोक्यावरून जाणारा उपग्रह सेकंदाला पाऊण अंश सरकतो आणि दोन फुटी छत्रीतून चार-पाच सेकंदांत निसटतो. नुसता एलएनबी आकाशाकडे रोखला की पुरे. स्टारलिंकचे ध्रुवीकरण वर्तुळाकार आणि एलएनबीचे सरळ रेषेतले असल्याने अर्धी शक्ती वाया जाते, तेवढे सोसायचे.

खरी गोम पुढे आहे. प्रत्येक पीएलएल एलएनबीत (ज्याचा ऑसिलेटर क्रिस्टलला बांधलेला असतो) स्वतःचा, बहुधा 25 मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असतो. दोन लावले की दोघे आपापल्या तापमानाप्रमाणे सरकतात. क्रॅकेनचे कॅलिब्रेशन त्याच्या स्वतःच्या इनपुटपासून सुरू होते, त्यामुळे ही सरक त्याला कळतच नाही. सॉफ्टवेअर 'फेज जुळली' म्हणते आणि अंतर-वेगाचा नकाशा धुरकट राहतो. दोन्ही क्रिस्टल काढून एकाच स्थिर ऑसिलेटरवरून 25 मेगाहर्ट्‌झ द्या. जुने डीआरओ एलएनबी (क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटरवर चालणारे) घेऊच नका.

वीजपुरवठाही वेगळा करावा लागतो. क्रॅकेनचा बायस टी (अँटेनाच्या केबलमधूनच वीज देणारी सोय) 4.5 व्होल्टचा आणि एलएनबीला 13 किंवा 18 लागतात. बाहेरचा इंजेक्टर लावा आणि क्रॅकेनकडच्या बाजूला डीसी ब्लॉक (वीज अडवून सिग्नल सोडणारा भाग) आहे ना, हे मल्टिमीटरने तपासूनच केबल जोडा. एलएनबीचा गेन पन्नास-साठ डेसिबल असतो, मध्ये 10 डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) हवा. खुद्द क्रॅकेनला 5 व्होल्ट, किमान 2.4 अँपिअरचा चार्जर द्या.

आता मर्यादा. स्टारलिंकचा एक चॅनेल 240 मेगाहर्ट्‌झ रुंद, आणि क्रॅकेन त्यातले जेमतेम 2.4 ऐकतो. मार्गाच्या लांबीतला फरक 1.25 मीटरपर्यंत ओळखता आला असता, तो 125 मीटरवर येतो. ड्रोनचे अंतर मोजायचा नाद सोडा.

हाती उरते ती सावली. वस्तू उपग्रह आणि एलएनबी यांच्या रेषेत आली की पुढच्या दिशेचे विकिरण प्रचंड वाढते. 11.3 गिगाहर्ट्‌झवर 0.1 चौरस मीटरच्या आडव्या छेदाचे रडारला भासणारे परिणामकारक क्षेत्र सुमारे 180 चौरस मीटर भरते. हा परिणाम काही अंशांच्या अरुंद पट्ट्यातच मिळतो, क्षणभरच. बीकनच्या रेषेभोवती बारीक पिसारा फुटतो, तोच पुरावा. तो पाहण्याआधी उपग्रहाचा डॉप्लर (त्याच्या वेगामुळे सरकणारी वारंवारता) वजा करा, कारण बीकन सेकंदाला तीन-चार किलोहर्ट्‌झ धावतो. यासाठी एक चॅनेल पुरतो. दुसरा एलएनबी थोडा दूर ठेवला तर वस्तू कुठल्या बाजूने आली ते कळते.

उत्पादकाने पॅसिव्ह रडारचा कोड 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी शस्त्रनिर्यात नियमांच्या काळजीने काढून घेतला. जीएनयू रेडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतः सिग्नल-प्रक्रियेची साखळी बांधायची तयारी असेल तरच क्रॅकेन घ्या. फक्त स्टारलिंकचे बीकन पाहायचे असतील तर एकेरी आरटीएल-एसडीआर डोंगल (एकाच रिसीव्हरचा यूएसबी रेडिओ) आणि एक एलएनबी पुरेसे आहेत.