आवाज ऐकण्याचे पाचशे रुपये

आळेफाट्याच्या आसपास गाडीवाल्याला गॅरेज शोधावं लागत नाही. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजाराला एवढ्या पिकअप लागतात, की रस्त्याच्या कडेला कुठेही थांबलात तरी हातात पाना घेऊन कुणीतरी पुढे येतंच. त्यातल्या एका गॅरेजबद्दल लिहितोय. नाव टाकत नाही, कारण मालकानेच बजावलंय, "नाव नको टाकू, आहे तेच काम आवरत नाही." सगळे त्यांना चाचा म्हणतात. ओतूरच्या बाजूच्या कुठल्याही पिकअपवाल्याला विचारा, पत्ता सांगेल.

माझी पिकअप कॉमन रेल डिझेल (सगळ्या सिलिंडरला एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी), चार सिलिंडर, टर्बोवाली. पावणेदोन लाख किलोमीटर झालेत. भरलेले कॅरेट घेऊन माळशेज घाटामार्गे वाशी, आणि रिकामे कॅरेट घेऊन परत, हा तिचा धंदा. पाऊस उघडल्यावर आवाज सुरू झाला. टिक-टिक-टिक-टिक, एकसारखा, रेस दिली की त्याच चालीत वाढणारा. सकाळी स्टार्टर मारला की शेजारी जागे होतील इतका, इंजिन तापलं की जवळजवळ गप्प. मात्र परतीला घाटाखालचं मोरोशी सोडून घाट चढायला लागलो की पुन्हा हजर, आणि काच खाली असेल तर कड्यावर आपटून दुप्पट ऐकू यायचा.

आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. पहिल्या ठिकाणी बॉनेट उघडायच्या आतच "टॅपेट वाजतंय" असा निकाल लागला. (टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग; तिथे फट वाढली की वाजतो.) वरचं कव्हर काढलं, परत लावलं, टॅपेट सेटिंगचे पैसे घेतले. आवाज होता तिथेच. दुसऱ्या ठिकाणी मिस्त्रीने एकदा रेस दिली, मान हलवली आणि म्हणाला, हाफ इंजिन करावं लागेल (म्हणजे इंजिन खोलून आतले झिजलेले भाग बदलायचे), चाळीस हजार धरून चला. भर हंगामात इंजिन उतरवायचं म्हणजे गाडीचा हप्ता कुणी भरायचा, ते त्याने सांगितलं नाही.

चाचांकडे गेलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "गरम आहे. आत्ता काय ऐकू? रात्री इथे ठेवून जा, सकाळी सहाला ये. मी येईपर्यंत चावी फिरवायची नाही." वर ऐकण्याचे पाचशे वेगळे, काम करा नाहीतर करू नका. खरं सांगतो, राग आला होता. फुकट निदान करणारे रस्त्याला पडलेत, हे नुसतं ऐकायचे पैसे मागतायत. पण गाडी ठेवली.

सकाळी जे बघितलं त्यासाठी पाचशे कमीच आहेत. आधी डिपस्टिक काढून ऑइल बघितलं, मगच चावी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एकेका ठिकाणी टेकवायचं, मूठ कानाला लावायची: टॅपेट कव्हर, प्रत्येक इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) शेजारी, व्हॅक्यूम पंप, अल्टरनेटर. बेल्ट काढून पाच-सात सेकंद इंजिन चालवलं, आवाज तसाच. म्हणजे पुली आणि अल्टरनेटर संशयातून सुटले. मग स्क्रू-ड्रायव्हर ठेवून हातभर रबरी नळी घेतली. एक टोक कानात, दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळीच्या) कडेने फिरवत नेलं आणि चौथ्या सिलिंडरपाशी थांबले. मला बोलावून नळी माझ्या कानात दिली. आत टिक-टिक नव्हतीच. फट्, फट्, फट्, हवा फुटल्याचा आवाज होता. बाहेरून ऐकताना तोच लोखंडावर हातोडी मारल्यासारखा वाटतो.

मी विचारलं, मग सगळे टॅपेट का म्हणतात? चाचांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) दोन वेळा फिरते तेव्हा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरते. आयडलला, म्हणजे रेस न देता, इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह चारशे वेळा उघडतो. टॅपेट वाजलं तर मिनिटाला चारशे वेळा वाजणार. पण त्याच सिलिंडरचा धूर एक्झॉस्टमधून बाहेर पडतो तोही चारशेच वेळा. म्हणजे मॅनिफोल्डला फट असेल तर तिची आणि टॅपेटची चाल एकच. नुसत्या चालीवरून निकाल देणारा फसणारच. फरक कळतो तो थंड-गरम आणि लोडवरून. लोखंड तापून फुगलं की मॅनिफोल्डची फट मिटत जाते, म्हणून आवाज कमी होतो. चढाला सिलिंडरमधला दाब वाढला की तीच फट पुन्हा फुंकते. बेअरिंग गेलं असतं तर उलटं झालं असतं, ऑइल तापून पातळ झाल्यावर आवाज वाढला असता, आणि तो टिक नसता, ठोका असता.

आता गंमत ऐका. माझ्या इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ऑइलच्या दाबावर ते आपली फट आपणच भरून काढतात, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून सेट करण्यासारखं तिथे काही नसतंच. मग पहिल्या ठिकाणी कशाचं सेटिंग झालं, ते त्या कव्हरलाच ठाऊक.

तरीही चाचांनी लगेच पाना हातात घेतला नाही. चौथ्या इंजेक्टरचा वायरचा सॉकेट काढला. इंजिन लंगडायला लागलं, चेक इंजिनचा दिवा लागला आणि टिक-टिक जवळजवळ बंद झाली. त्या सिलिंडरमध्ये डिझेल जळणंच थांबलं, तर फट फुंकणार काय? टॅपेट असतं तर जळो न जळो, वाजत राहिलं असतं. (जुन्या पंपाच्या गाड्यांना लोक नोझलचा पाइप ढिला करून हे बघायचे. कॉमन रेलला तसं चुकूनही करू नका, त्या पाइपात हजार बारच्या वर दाब जातो, डिझेल कातडी फोडून आत शिरतं.) शेवटी इंजिन बंद करून सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबून कॉम्प्रेसरची हवा बेताने सोडली आणि मॅनिफोल्डवर साबणाचं पाणी मारलं. चौथ्याच्या खालच्या कोपऱ्यात बुडबुडे आले. हीट शील्ड काढल्यावर तिथे काजळीचा काळा पंखा पसरलेला, आणि त्याच्या मधोमध मॅनिफोल्ड आवळून धरणारा स्टड, तुटलेला. अर्धा आत, वरचा भाग नटासकट गायब.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात सांगतो. तुटलेल्या स्टडवर नट ठेवून वेल्डिंग मारलं आणि लालभडक असतानाच हळूहळू पुढे-मागे करत फिरवून काढला. ड्रिल लावावं लागलं नाही, हे नशीब. टर्बो उतरवावा लागला, त्यामुळे त्याचंही पॅकिंग नवीन. मॅनिफोल्डची कड सपाट आहे का, ते पट्टी लावून बघितलं. सगळे स्टड बदलले, एकच नाही, कारण बाकीचेही त्याच वयाचे. एकूण बिल चार हजार आठशे, ऐकण्याचे पाचशे त्यातच. हिशेब कागदावर पेनाने लिहून दिला. पक्कं बिल हवं असेल तर आधीच सांगा, नाहीतर मिळत नाही.

उणीवा आहेतच. बसायला एक टायर आहे, तोही बहुतेक वेळा दुसऱ्याने धरलेला. चहा समोरच्या टपरीवर, आपल्या पैशाने. काम दुपारी चारला देतो म्हणाले आणि दिवे लागल्यावर दिलं, त्यात माझी एक फेरी बुडाली. मधे फोन केला तर उचलत नाहीत. पोऱ्याने उचलला तर "चाचा गाडीखाली आहेत" एवढंच ऐकू येतं. एसी, सेन्सर, वायरिंगची भानगड असेल तर तिथे जाऊ नका. स्कॅनर आहे, पण त्यात त्यांना रस नाही, आणि ते दिसतं.

आवाजासाठी मात्र डोळे झाकून जा. शुक्रवारी दुपारी बंद असतं. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन लावा, चावी त्यांच्या हातात द्या, आणि सकाळी आपण आधी पोचलात तरी स्टार्टर मारू नका. एकाने मारला होता माझ्यासमोर. त्याला चाचांनी दुसऱ्या दिवशी या म्हणून परत पाठवलं.