केनवुड टीएस-५२०एस: जुना व्हॉल्व्हवाला रिग घ्यायचाच असेल तर हाच का घ्यावा

हॅम रेडिओची परीक्षा पास झाली, कॉलसाईन (स्टेशनचं सरकारी नाव) हातात पडला की नव्या हॅमचा (हौशी रेडिओवाल्याचा) पहिला प्रश्न ठरलेला, एचएफला (शॉर्टवेव्हच्या, लांबवर बोलायच्या बँडला) कुठला सेट घेऊ, आणि नव्या सेटच्या किमती ऐकल्या की लगेच दुसरा, जुना व्हॉल्व्हवाला (काचेच्या ट्यूबचा) घेतला तर चालेल का. चालेल, मस्त चालेल, फक्त कंपनीचं नाव आणि चकाचक फ्रंट पॅनल बघून भुलू नका, फायनलला (ट्रान्समिटरच्या शेवटच्या पॉवर स्टेजला) कुठला व्हॉल्व्ह आहे आणि तो उद्या मिळणार का एवढं आधी बघा. माझ्याकडे केनवुडचा टीएस-५२०एस आहे, नाशिकला गंगापूर रोडला गच्चीवर चाळीस मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (मधोमध उंच धरलेला तारेचा डायपोल अँटेना) आणि खाली टेबलावर हा, रिस्टोरेशन सगळं घरीच केलंय आणि रोज वापरतोय, म्हणून जरा डिटेलमध्ये लिहितो.

सेट १९७० च्या दशकातला, जपानी. याला हायब्रिड म्हणतात, म्हणजे रिसीव्हर सगळा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर) आणि ट्रान्समिटरच्या शेवटी फक्त तीन व्हॉल्व्ह, एक १२बीवाय७ए ड्रायव्हर (फायनलला सिग्नल वाढवून देणारा) आणि दोन ६१४६ फायनल (सेटमध्ये एस२००१ए असा नंबर दिसला तर गोंधळू नका, तो ६१४६ च्याच जातीचा). १६० मीटरपासून १० मीटरपर्यंत बँड, एसएसबीला (आवाज पाठवायच्या मोडला) इनपुट २०० वॉट पीईपी (शिखराची पॉवर), अँटेनाकडे साधारण १०० वॉट जातात. पॅनलवर हीटरचा (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचा) वेगळा स्विच आहे, नुसतं ऐकायचं असेल तर हीटर बंद ठेवायचा, व्हॉल्व्हचं आयुष्य वाचतं आणि खोलीही तापत नाही. ही सोय मला फार आवडते कारण आपण हॅम लोक बोलतो कमी आणि ऐकतो जास्त.

आता व्हॉल्व्हचा मुद्दा, कारण सगळा खेळ तिथेच आहे. त्याच काळातला याएसूचा एफटी-१०१ई आपल्याकडे बऱ्याच जणांकडे दिसतो आणि सेट म्हणून तो अजिबात कमी नाही, आतले बोर्ड काढता-घालता येतात, स्पीच प्रोसेसर आहे, आवाज दमदार. पण त्याच्या फायनलला ६जेएस६सी आहेत आणि तो व्हॉल्व्ह मुळात टीव्हीच्या हॉरिझॉन्टल आउटपुटसाठी बनवलेला, टीव्ही ट्रान्झिस्टरवर गेले तसं त्याचं उत्पादनच थांबलं, आता चांगली जोडी मिळणं कठीण आणि मिळाली तर महाग. उलट ६१४६ हा आरसीएने १९५२ साली ट्रान्समिटरसाठीच काढला, मग कॉलिन्सच्या केडब्ल्यूएम-२ मध्ये तो, हीथकिटच्या एसबी-१०२ आणि एचडब्ल्यू-१०१ मध्ये तो, केनवुडच्या पुढच्या ८२० आणि ८३० मध्येही तो. इतक्या सेटमध्ये आणि इतक्या देशांत वापरला गेल्यामुळे त्याचा जुना माल अजून कपाटांमधून निघतोय. एफटी-१०१ई मध्ये ६१४६ असाच खुपसता येत नाही, एकाला १२ पिनांचा कॉम्पॅक्ट्रॉन सॉकेट लागतो, दुसऱ्याला साधा ऑक्टल, सगळं वायरिंग बदलावं लागतं. दोन्ही सेट समोर ठेवले आणि किंमत सारखी असेल तर मी डोळे मिटून ५२०एस उचलीन.

पण सहज मिळतो म्हणजे कुणाकडूनही घ्या असं नाही. एका ऑनलाईन विक्रेत्याने मॅच्ड पेअर (सारख्या करंटची जोडी) म्हणून जे दोन व्हॉल्व्ह पाठवले ते ओळखीच्या एका जुन्या हॅमकाकांकडच्या टेस्टरवर लावले तर एकाचा करंट दुसऱ्याच्या जेमतेम निम्मा, वर छापलेली अक्षरं बोटाने पुसली जात होती. परत पाठवले. त्यामुळे टेस्ट करून दाखवत असेल त्याच्याकडूनच घ्या, हॅम लोकांकडून हॅम लोकांकडे येणारा माल सगळ्यात चांगला.

माझा सेट अशाच एका जुन्या हॅमच्या घरच्यांकडून आला, बरीच वर्षं कपाटात, वर चादर, आत धूळ. असा सेट आणला की पहिली गोष्ट म्हणजे लगेच प्लग घालायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. आधी मागे व्होल्टेज कशाला सेट केलंय ते बघा, अमेरिकेतून आलेला सेट १२० वर असतो आणि आपल्या २३० वर तो लावला तर खेळ तिथेच संपला. मग सिरीज लॅम्प, आपल्याकडे इलेक्ट्रिशियन लोक वापरतात तोच बोर्ड, १०० वॉटचा पिवळा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये, हीटर बंद ठेवून सुरू करायचं, बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक आणि ढणढण पेटत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर अजून उत्तम, व्होल्टेज हळूहळू चढवत नेता येतं, इतकी वर्षं पडून असलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम फुल व्होल्टेजला घातले तर फुगतात.

आणि जिवाची काळजी. या सेटमध्ये फायनलच्या प्लेटला (व्हॉल्व्हमधल्या हाय व्होल्टेजच्या इलेक्ट्रोडला) ८०० व्होल्टच्या आसपास डीसी असतं, ते बॅटरीवरच्या सेटसारखं चटका देऊन सोडणारं नाही, ते माणूस मारू शकतं. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, तरी मीटर लावून बघा, रेझिस्टर बांधलेल्या इन्सुलेटेड दांड्याने डिस्चार्ज करा, आणि आत काम करताना एक हात खिशात. घरात लहान मुलं असतील तर कव्हर काढलेला सेट टेबलावर सोडून उठायचंही नाही.

रिपेअरमध्ये एकच काम करायला वेळ असेल तर हे करा: ड्रायव्हरच्या प्लेटपासून फायनलच्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा कपलिंग कपॅसिटर बदला. वयाने तो लीक व्हायला लागला की ड्रायव्हरचं हाय व्होल्टेज थोडंथोडं ग्रिडवर पोचतं, निगेटिव्ह बायस (ग्रिडवरचं ठरलेलं उलट व्होल्टेज) खाऊन टाकतं, आणि ज्या ६१४६ साठी आपण एवढी शोधाशोध केली त्यांच्या प्लेटा लालबुंद होतात. १ किलोव्होल्टचा मायका कपॅसिटर किरकोळ पैशात येतो. इथे नाशिकच्या एमजी रोडला मी विचारून बघितलं, तिथे मोबाईलचे पार्ट ढीगभर पण असला हाय व्होल्टेजचा माल नाही, शेवटी पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवरून आणला, जाताना एचटीचे (हाय व्होल्टेज सप्लायचे) इलेक्ट्रोलिटिक, काही रेझिस्टर, कॉन्टॅक्ट क्लीनर अशी सगळी यादी करूनच जा म्हणजे एकाच फेरीत काम होतं.

बँडस्विचला वेळ द्यावा लागतो. वेफरच्या (स्विचमधल्या चकतीच्या) चांदीच्या कॉन्टॅक्टवर काळा थर बसतो, त्यामुळे एका बँडवर सेट बहिरा वाटतो, नॉब जरासा हलवला की एकदम कान उघडतात. आख्खा स्प्रे मारू नका, बारीक ब्रश क्लीनरमध्ये बुडवून एकेका कॉन्टॅक्टवर फिरवा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवा, पत्त्या वाकवू नका. रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये जाड कागदाची पट्टी क्लीनर लावून ओढली की पुरतं. व्हीएफओच्या (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या ऑसिलेटरच्या) गिअरमधलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं, ते साफ करून नवीन लावलं की ट्यूनिंगचा नॉब इतका सुंदर फिरतो की आजच्या प्लॅस्टिकच्या सेटमध्ये तो फील येतच नाही. फ्रिक्वेन्सी उड्या मारत असेल तर व्हेरिएबल कपॅसिटरच्या शाफ्टला अर्थिंग देणारी छोटी स्प्रिंग बघा, बहुतेक तीच घाण झालेली असते.

व्हॉल्व्ह बदलले की बायस आणि न्यूट्रलायझेशन दोन्ही परत करायचं, यात कंटाळा चालणार नाही. बायस सोपं आहे, मीटर आयपीवर (प्लेट करंटवर), ड्राईव्ह शून्य, मॅन्युअलप्रमाणे स्थिर करंट ६० मिलीअँपिअर. न्यूट्रलायझेशन म्हणजे प्लेटकडून ग्रिडकडे व्हॉल्व्हच्या आतूनच जी थोडी एनर्जी परत येते ती उलट फेजची एनर्जी देऊन मारायची, नाहीतर फायनल स्वतःच ऑसिलेट व्हायला लागतात. तपासायची खूण सांगतो: प्लेटचा नॉब फिरवताना करंट जिथे सगळ्यात खाली येतो त्याच जागी आउटपुट सगळ्यात वर जायला पाहिजे, दोन जागा वेगळ्या आल्या तर न्यूट्रलायझेशनचा ट्रिमर (छोटा बदलता कपॅसिटर) अजून फिरवायचा आहे. ६१४६ च्या जागी ६१४६बी घातला तर हे हमखास हलतं. आणि हे सगळं डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) करायचं, अँटेनावर नाही, उगाच बँडवर शिट्ट्या नकोत. डमी लोड घरीच होतो, १ किलोओमचे २ वॉटचे २० कार्बन रेझिस्टर पॅरलल लावले की ५० ओम आणि ४० वॉट, थोड्या थोड्या वेळासाठी जास्तही झेलतो, फक्त वायरवाउंड घेऊ नका, ते आरएफला (रेडिओ फ्रिक्वेन्सीला) कॉइलसारखे वागतात.

वापरायला कसा आहे? बँड बदलला की तीन नॉब जुळवायचे, ड्राईव्ह, प्लेट, लोड. कॅरिअर (बिनआवाजाचा सलग सिग्नल) सोडायचा, प्लेट फिरवली की मीटरची सुई सर्रकन खाली जाते, मग लोड थोडा वाढवायचा, परत प्लेट, असं दोन-तीनदा, आणि प्रत्येक वेळी काही सेकंदांतच आटपायचं. नव्या माणसाला सुरुवातीला ही कटकट वाटते, पण अँटेनाचा लोड म्हणजे काय, रेझोनन्स म्हणजे काय हे जे आपण परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं ते इथे सुईवर दिसतं. पाऊस पडून डायपोल ओला झाला तर प्लेटची जागा जराशी सरकते, एवढं कळायला लागतं.

सकाळी चाळीस मीटरवर नाशिकहून मुंबई, पुणे, कोल्हापूर आरामात, सिग्नलचे रिपोर्ट चांगले येतात आणि आवाजाबद्दल बहुतेक जण आपणहून बोलतात, भरीव आणि गोड आहे म्हणतात. रिसीव्हर आजच्या मानाने साधा पण कानाला त्रास न देणारा, संध्याकाळी जोरदार स्टेशनं आली की आरएफ अटेन्युएटर दाबायचा. कॉलनीतल्या एलईडी दिव्यांचा आणि सोलर इन्व्हर्टरचा खरखराट मात्र याचा नॉईज ब्लँकर फारसा कमी करत नाही, तो गाडीच्या इग्निशनसारख्या टकटक आवाजासाठी आहे.

कमी काय, तेही सांगतो. ३०, १७ आणि १२ मीटर नाहीत, ते बँड हॅम लोकांना मिळाले १९७९ च्या परिषदेत आणि हा सेट त्याआधीचा. सुरू केल्यावर पहिला अर्धा तास फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकते, नेटवर (ठरल्या वेळी जमणाऱ्या हॅम लोकांच्या गप्पांत) बसायचं असेल तर चहाच्या आधी सेट चालू करून ठेवा. माइक ५० किलोओमचा लागतो, आजचा ६०० ओमचा डायनॅमिक माइक थेट लावला तर आवाज बारीक येतो, मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा प्रीअँप घाला. एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) करता येतं पण त्यात कॅरिअर सलग चालू राहतो, ३०-४० वॉटच्या वर जाऊ नका. रिस्ट्रिक्टेड ग्रेडवाल्यांना (खालच्या श्रेणीच्या लायसन्सवाल्यांना) तर ५० वॉटची मर्यादा आहेच, त्यांनी ड्राईव्ह कमी ठेवूनच चालवायचा, आणि लायसन्स यायच्या आधी असा सेट घरात आणून ठेवू नका.

नाशिकसाठी दोन गोष्टी वेगळ्या. मे-जूनमध्ये दुपारनंतर गडगडाट सुरू झाला की कोएक्स (अँटेनाची केबल) सेटमधून काढून खिडकीबाहेर, फ्रंट एंडचे ट्रान्झिस्टर व्हॉल्व्हसारखे दणकट नाहीत. आणि पावसाळ्यात सेट महिनोन्महिने बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ हीटर लावून चालवला की आतली ओल निघते आणि स्विच काळे पडत नाहीत. (संक्रांतीनंतर डायपोलही एकदा बघा, मांजाची भेंडोळी तारेवर आणि इन्सुलेटरवर अडकलेली असतात आणि पक्षी त्यात गुंततात, शिडी लावून काढून टाका.)

पाचपैकी साडेचार. नव्या एंट्री लेव्हल सेटच्या निम्म्याहून कमी पैशात पडतो, आणि सोल्डरिंग आयर्न हातात धरता येत असेल तर यातलं जवळपास सगळं घरी दुरुस्त होतं. सोल्डरिंग करायचंच नसेल तर मात्र हा घेऊ नका, नवीन सेटसाठी पैसे साठवा. घेणार असाल तर सेटबरोबरच एक टेस्ट केलेली ६१४६ ची जोडी आणि एक १२बीवाय७ए जास्तीचा घेऊन ठेवा, आत्ता ज्या भावात मिळतायत त्या भावात पुढे मिळतीलच असं नाही.